टाच दुखते, पण मागून

पुण्यात कुणालाही सांगून बघा की टाच दुखते, समोरच्याचं उत्तर तयारच असतं. "अगं हाड वाढलं असेल, आमच्या सासूबाईंचं पण वाढलं होतं." मग रुईचं पान आणि गरम वीट, मिठाच्या पाण्यात पाय बुडव, फ्रीजरमधली बाटली तळव्याखाली फिरव, काशाच्या वाटीने तळवे घासून घे, घरात अनवाणी फिरू नकोस. सगळे प्रेमानेच सांगतात आणि ज्या दुखण्यासाठी सांगतात त्याला यातलं थोडंफार लागूही पडतं. फक्त ते दुखणं माझं नव्हतं. माझी टाच खालून नाही, मागून दुखायची, बुटाची मागची कड जिथे लागते बरोब्बर तिथे. अंतर म्हणाल तर चार बोटांचं, पण कारण वेगळं आणि उपायही वेगळा, एका बाबतीत तर चक्क उलटा. मराठीत शोधायला गेलं की सगळं तळव्याच्या टाचदुखीवरच सापडतं, म्हणून हे जरा पाल्हाळ लावून लिहितेय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण या दुखण्याच्या निमित्ताने बरंच वाचलंय आणि माझ्या फिजिओचं डोकंही भरपूर खाल्लंय.

खालची टाचदुखी म्हणजे बहुतेक वेळा प्लांटर फॅशिआयटिस, तळव्यातून बोटांकडे जाणारा जो जाड पडदा असतो त्याचं टाचेपाशी दुखणं. मागची म्हणजे बहुतेक वेळा अकिलीस टेंडन, पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी. तो ग्रीक कथांमधला योद्धा अकिलीस टाचेत बाण लागून गेला म्हणतात, आपल्या श्रीकृष्णाला जरा नावाच्या व्याधाचा बाण लागला तो तळपायाला, म्हणजे दोन्ही दुखण्यांना आपापला पेशंट आधीपासूनच आहे असं मी फिजिओला म्हटलं तर ती हसली आणि म्हणाली काकू पाय सरळ करा.

हे टेंडन नेमकं काय करतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात, वरून उठून दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्या खाली चपटा सोलिअस. दोघांची खाली येऊन एक जाड शिरेसारखी पट्टी होते आणि ती टाचेच्या हाडाला मागून चिकटते. शरीरातलं सगळ्यात जाड आणि मजबूत टेंडन हेच. चालताना प्रत्येक पावलाला टाच जमिनीवरून उचलायचं काम याचं, त्यामुळे पळताना यावर आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. आणि एवढं काम करून त्याला रक्तपुरवठा मात्र बेताचा, म्हणून बिघडलं की बरं व्हायला आठवडे नाही, महिने लागतात. हे कुणी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगत नाही आणि लोक पंधरा दिवसांत उपाय बदलत बसतात.

आता जागा. खुर्चीवर बसून पाय मांडीवर घ्या आणि बोटांनी चाचपा. टाचेच्या हाडापासून साधारण 2 ते 6 सेंटीमीटर वर, टेंडन चिमटीत धरल्यावर दुखत असेल आणि तिथे जाडसर लागत असेल तर ते टेंडनच्या मधल्या भागाचं दुखणं. अगदी हाडावर, जिथे टेंडन चिकटतं तिथेच दुखत असेल तर ते जोडाचं दुखणं. हे दोन प्रकार वेगळे धरायचेच, कारण व्यायामात फरक आहे. टेंडन आणि हाड यांच्या मधे एक छोटी पाण्याची पिशवी असते, बर्सा म्हणतात तिला, ती सुजली तर टेंडनच्या दोन्ही बाजूंना, थोडं पुढे, दाबल्यावर मऊ आणि दुखरं लागतं. कधी अजून एक बर्सा टेंडन आणि कातडी यांच्यामधे सुजतो, तो शक्यतो बुटाच्या घासण्यामुळे. आणि टाचेच्या हाडाचाच वरचा मागचा कोपरा मोठा असेल, बाहेरच्या बाजूला टणक उंचवटा लागत असेल, तर त्याला हॅग्लंड म्हणतात, पॅट्रिक हॅग्लंड नावाच्या स्वीडिश डॉक्टरने 1920 च्या दशकात याचं वर्णन केलं म्हणून. हॅग्लंड, बर्सा आणि जोडाचं दुखणं ही तिन्ही बऱ्याचदा हातात हात घालूनच येतात. माझं जोडाचं, सोबत थोडा बर्सा.

एक्स-रेत मागच्या बाजूला हाडाचं टोक किंवा कॅल्शियम दिसलं की घरात एकदम गंभीर वातावरण होतं. पण असं टोक अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या एक्स-रेतही सापडतं. त्यामुळे दुखतंय ते त्या टोकामुळेच असं नक्की धरता येत नाही आणि दुखणं थांबलं तरी टोक तिथेच राहू शकतं. एमआरआय तर सुरुवातीला बहुतेकांना लागतच नाही, हाताने तपासून आणि चार प्रश्न विचारून निदान होतं. लक्षणं तशी ठराविक आहेत, सकाळी उठल्यावर पहिली पावलं कडक, लंगडत बाथरूमपर्यंत जायचं, मग जरा चाललं की सैल होतं, आणि हा जो सैल होण्याचा भाग आहे ना तोच फसवतो, कारण आपल्याला वाटतं चालल्याने बरं वाटतंय म्हणजे अजून चालूया, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा हिशोब होतो.

आत नक्की काय बिघडलेलं असतं? पूर्वी सगळे सूज धरून चालायचे. पण जुनं दुखणं असेल तर टेंडनमधे सूज फारशी नसते, तंतूंची रचना विस्कटलेली असते आणि टेंडन जाड झालेलं असतं. म्हणून सुजेवरच्या पेनकिलर गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी परत तेच. बर्फाने दुखणं थोडा वेळ बधिर होतं, तेलाने चोळलं की पोटरीला छान वाटतं, त्यात वाईट काहीच नाही, पण विस्कटलेले तंतू तेलाने सरळ होत नाहीत.

आता होतं कशामुळे. मुख्य कारण एकच, टेंडनला जेवढी सवय आहे त्यापेक्षा एकदम जास्त काम. पुण्यात तर याची पद्धतशीर सोय आहे. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत ऑफिसच्या खुर्चीत आणि रविवारी पहाटे सिंहगड. किंवा डिसेंबरच्या मॅरेथॉनसाठी ऑक्टोबरमधे अचानक पळायला सुरुवात. किंवा पाऊस पडला रे पडला की कात्रज ते सिंहगड नाइट ट्रेक, ज्यात टेकड्या चढा-उतरा चढा-उतरा असं रात्रभर चालतं. माझं तळजाईच्या टेकडीवर रोज फिरणं वर्षानुवर्षांचं, त्याने कधी काही झालं नाही. आमच्या ग्रुपने दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढायचं ठरवलं, मलाही हुरूप आला, आणि त्या पावसाळ्यात टाच धरली.

चढाचं काय वेगळं असतं ते फिजिओने समजावलं तेव्हा मला पटलं. सपाटीवर चालताना घोटा साधारण काटकोनात राहतो. चढावर पाऊल टेकतं तेव्हा चवडा वर आणि टाच खाली, म्हणजे घोटा पुढे दुमडतो. घोटा असा दुमडला की टेंडन ताणलं तर जातंच, पण शिवाय टाचेच्या हाडाच्या मागच्या कोपऱ्यावर दाबलं जातं, विहिरीचा दोर काठाच्या दगडावर घासावा तसं. जोडाच्या जागेला ताणापेक्षा हा दाब जास्त नडतो. हे एक डोक्यात बसलं की कुठली गोष्ट चालेल आणि कुठली नाही ते आपलं आपल्याला कळायला लागतं. उकिडवं बसलं की तोच दाब. भारतीय संडासात तोच. सूर्यनमस्कारात पर्वतासनात टाचा जमिनीला टेकवायचा अट्टाहास केला की तोच. आणि भिंतीला हात लावून पोटरी ताणायचा जो व्यायाम व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो, किंवा जिन्याच्या पायरीच्या कडेला उभं राहून टाच खाली सोडायची, त्यातही तोच. मी वर उलटा उपाय म्हटलं तो हा. तळव्याच्या टाचदुखीत पोटरीचं स्ट्रेचिंग चालतं, सुचवतातच. पण टेंडन हाडाला चिकटतं तिथलं दुखणं असेल तर जोरात ताणणं बंद. "काकू, तिथे ताण द्यायचा नाहीये, ताकद द्यायचीये" असं ती मला प्रत्येक वेळी सांगायची.

चढ-पळण्याशिवाय बाकीची कारणं पटापट सांगते. वजन वाढणं, डायबेटिस, चाळिशी-पन्नाशी, पोटरीची ताकद कमी असणं, हे सगळं हातभार लावतं. बुटांची मागची बाजू टणक असेल तर हॅग्लंडवाल्यांना ती रोज डिवचते, पिंपरी-चाकणला कंपनीत आठ-आठ तास सेफ्टी शूज घालणाऱ्यांना विचारा. कोल्हापुरी मागून मोकळी म्हणून घासत नाही हे खरं, पण ती एकदम सपाट, त्यामुळे टाच खाली आणि टेंडनला ताण जास्त. मला स्वतःला या काळात थोडी टाच असलेली, मागे पट्टा नसलेली चप्पल सगळ्यात सुखाची वाटली. हिल्स घातल्या की पाय दुखतात हे ऐकत आलेल्या बायकांना हे विचित्र वाटेल, पण जोडाच्या दुखण्यात टाच जरा वर असली की टेंडनवरचा दाब उतरतो, साधं गणित आहे.

एक कारण मात्र थांबून वाचा कारण ते कुणाच्या डोक्यात येत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक्स. आपल्याकडे जुलाब, लघवीचं इन्फेक्शन, टायफॉइड, कशालाही ही गोळी मिळते आणि बरेच जण तर जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून परस्पर आणून घेतात. या औषधांनी टेंडन दुखू शकतं, क्वचित तुटूही शकतं, आणि सगळ्यात जास्त अकिलीसच. अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने 2008 मधे या औषधांवर याबद्दल त्यांची सगळ्यात कडक इशाऱ्याची चौकट छापायला लावली. साठीच्या पुढच्यांना आणि सोबत स्टेरॉइड चालू असणाऱ्यांना धोका जास्त. त्रास गोळ्या चालू असतानाही होतो आणि कोर्स संपून काही आठवडे-महिने गेल्यावरही होऊ शकतो, त्यामुळे कुणी गोळीशी संबंध लावतच नाही. टाचेमागे अचानक दुखायला लागलं आणि मधे असा कोर्स झाला असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. गोळी चालू असतानाच दुखायला लागलं तर पुढची गोळी घ्यायच्या आधी फोन करा, आणि तोवर पोटरीचे व्यायाम वगैरे काही नको.

आता उपाय. याची गोष्ट मला फार आवडते. उत्तर स्वीडनमधे उमेओ नावाच्या गावात होकान आल्फ्रेडसन नावाचे हाडांचे डॉक्टर. स्वतः पळणारे आणि स्वतःचंच अकिलीस दुखणारं. त्यांनी आपल्या साहेबांना सांगितलं माझं ऑपरेशन करा, साहेब म्हणाले एवढं काही झालेलं नाही, आणि तू सुट्टीवर गेलास तर इथे काम कोण करणार. तेव्हा या माणसाने ठरवलं की मग मी ते इतकं बिघडवतो की ऑपरेशन करावंच लागेल, आणि जो व्यायाम केल्यावर सगळ्यात जास्त दुखतं तोच रोज करायला लागले. टेंडन तुटायचं सोडून बरं झालं! मग त्यांनी हे पेशंटवर नीट करून बघितलं आणि 1998 मधे प्रसिद्ध केलं. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं, दुखऱ्या पायावर सगळं वजन घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची, वर येताना चांगल्या पायाने यायचं. पंधराचे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन सेट गुडघा थोडा वाकवून, दिवसातून दोन वेळा, बारा आठवडे, रोज. हिशोब केला तर दिवसाला 180 वेळा. तोपर्यंत डॉक्टरांचा सल्ला बहुतेक वेळा आराम करा असाच असायचा, आणि इथे उलट भार देऊन टेंडन बरं होत होतं.

आराम का पुरत नाही? पूर्ण आराम केला की दुखणं कमी होतंच, कारण काही करतच नाही आपण. पण तेवढ्यात पोटरी आणि टेंडन अजून कमकुवत होतात, आणि परत टेकडीवर गेलं की पहिल्यापेक्षा कमी चढाला दुखायला लागतं. असे लोक मला तळजाईवर खूप भेटलेत, दोन महिने बंद, पंधरा दिवस चालू, परत दोन महिने बंद. टेंडनला सांगावं लागतं की बाबा तुला हे काम करायचंय, आणि ते भाराच्याच भाषेत सांगावं लागतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, आल्फ्रेडसनचा पायरीवरचा व्यायाम टेंडनच्या मधल्या भागाच्या दुखण्यासाठी चांगला चालला, हाडाजवळच्या जोडाच्या दुखण्यात त्याचे निकाल बरेच कमी आले. कारण वर सांगितलं तेच, टाच पायरीच्या खाली गेली की दाब. मग 2008 मधे स्वीडनमधूनच त्यात बदल सुचवला गेला, तोच व्यायाम पण सपाट जमिनीवर, टाच जमिनीच्या खाली जाऊच द्यायची नाही, आणि निकाल सुधारले. यूट्यूबवर पायरीवाला व्हिडिओ बघून जोडाचं दुखणं असलेले लोक मनोभावे टाचा खाली सोडत बसतात, त्यांनी फक्त जमिनीवर उतरावं.

मला जे दिलं होतं ते असं. अगदी सुरुवातीला, जेव्हा खूप दुखत होतं, तेव्हा नुसतं ओट्याला धरून दोन्ही चवड्यांवर उभं राहायचं आणि तसंच थांबायचं, 45 सेकंद, मधे विश्रांती, असं चार-पाच वेळा. चहा उकळेपर्यंत होतं. मग दोन्ही पायांवर वर जायचं, एका पायावर सावकाश खाली यायचं, तीन आकडे मोजत. मग एका पायावर वर आणि एकाच पायावर खाली. ते सोपं वाटायला लागलं की पाठीला सॅक आणि त्यात तांदळाची पिशवी, नवऱ्याला हे दृश्य फार आवडायचं, ट्रेकला न जाता सॅक लावून स्वयंपाकघरात उभी. शिवाय खुर्चीवर बसून गुडघ्यावर वजन ठेवून टाचा उचलायच्या, त्याने सोलिअसला काम मिळतं. वजन वाढवल्यावर रोज करायचं नाही, एक दिवसाआड. डेन्मार्कमधे 2015 मधे आल्फ्रेडसनचा रोजचा व्यायाम आणि आठवड्यातून तीनदा जड वजनाने सावकाश केलेला व्यायाम यांची तुलना झाली तर दोन्हीचा फायदा जवळपास सारखाच निघाला, म्हणजे दिवसाला 180 करायला जमत नसेल तर दुसरा रस्ता आहे. माझ्यासारख्या आळशी बाईला तो बराच बरा.

करताना दुखतं का? हो, दुखतं. इथे बहुतेक लोक सोडून देतात. नियम असा की दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, पण ते दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवं, आणि आठवड्या-आठवड्याला सकाळचा कडकपणा वाढता कामा नये. सकाळ हाच आपला रिपोर्ट. पहिल्या पावलाला काल तीन होतं आणि आज सहा आहे म्हणजे काल जास्त झालं, व्यायाम बंद नाही करायचा, थोडा कमी करायचा. बारा आठवडे ही कमीत कमी मुदत, सहा महिने लागणारेही पुष्कळ आहेत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर महिनाभराने "अजून तुझं तेच चालू आहे का" सुरू होतं.

सोबतीला छोट्या गोष्टी. दोन्ही बुटांत टाचेखाली सेंटीमीटरभराची पॅड, एकाच पायात घातली तर कंबर कुरकुरते. ती कायमची नाही, दुखणं उतरलं की काढायची. उकिडवं बसायचं काम असेल, पूजेची तयारी, भाजी निवडणं, तर पाट किंवा छोटं स्टूल. योगवर्गात टाचा टेकल्या नाहीत तरी चालतील हे सरांना सांगून टाकायचं. हॅग्लंड असेल तर बुटाचा मागचा टणक भाग चांभाराकडून मऊ करून घेता येतो किंवा सरळ मागून मोकळं पादत्राण वापरायचं.

आता जे विकलं जातं त्याबद्दल. टेंडनमधे किंवा त्याच्या अगदी लगत स्टेरॉइडचं इंजेक्शन, दुखणं पटकन जातं म्हणून मोह होतो, पण त्याने टेंडन कमकुवत होऊन तुटायचा धोका असतो म्हणून बरेच डॉक्टर अकिलीसला ते टाळतात. कुणी देतो म्हणालं तर हा प्रश्न नक्की विचारा. पीआरपी, म्हणजे आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेटवाला भाग टोचणं, ऐकायला फार भारी, पण 2010 मधे नेदरलँड्समधे व्यायाम अधिक पीआरपी आणि व्यायाम अधिक साधं सलाइन अशी तुलना केली तेव्हा पीआरपीचा वेगळा फायदा दिसला नाही. मलाही एका ठिकाणी पहिल्याच भेटीत याचं पॅकेज सांगितलं होतं, पायाला हात लावायच्या आधी. शॉकवेव्ह मात्र त्यातल्या त्यात बरी, मशीनने त्या जागेवर ठोके देतात, आठवड्यातून एकदा अशा थोड्या सिटिंग्ज, आणि जोडाच्या दुखण्यात व्यायामासोबत तिचा उपयोग होऊ शकतो. नुसती शॉकवेव्ह आणि घरी येऊन सोफा, असं नाही. ऑपरेशन शेवटी, किमान सहा महिने नीट व्यायाम करूनही फरक नसेल तर. त्यात हाडाचा वाढलेला कोपरा घासतात, खराब झालेला टेंडनचा भाग आणि कॅल्शियम काढतात, आणि नंतर परत हाच सगळा टाचा उचलायचा व्यायाम असतोच, तो चुकत नाही.

मुलांचं वेगळं आहे. माझा भाचा फुटबॉल खेळतो, मागच्या वर्षी ताईचा फोन, मॅचनंतर दोन्ही टाचा धरून रडतो. साधारण आठ ते चौदा वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून जुळलेला नसतो, मधे वाढीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, असते आणि अकिलीस तिथेच खेचत असतं. उंची भराभर वाढायच्या काळात खेळ जास्त झाला की ती जागा दुखते. अमेरिकेतल्या जेम्स सीव्हर नावाच्या डॉक्टरांनी 1912 मधे हे लिहून ठेवलं म्हणून सीव्हर म्हणतात. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबली की पोरगं ओरडतं. ताई घाबरली होती पण हा आजार असा नव्हेच, हाड जुळलं की आपोआप जातो आणि मागे काही ठेवत नाही. तोवर खेळ दुखण्याच्या बेताने कमी करायचा, बुटात टाचेखाली पॅड, आणि क्रिकेट, खो-खो, फुटबॉल सगळंच एका सीझनला नको. भाच्याला सगळ्यात वाईट वाटलं ते "मावशीला पण हेच झालंय" याचं, म्हाताऱ्यांचा आजार झाला म्हणून.

आणि कधी सरळ डॉक्टर गाठायचा, व्यायाम-बियायाम बाजूला ठेवून. खेळताना किंवा पळताना कुणीतरी मागून लाथ मारल्यासारखं वाटलं, फट्कन आवाज आला आणि मागे वळून बघता तर कुणीच नाही, म्हणजे टेंडन तुटलं असायची शक्यता दाट. रविवारी बॅडमिंटन खेळणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांमधे हे ठरलेलं. पालथं झोपवून पोटरी दाबली तर चांगल्या पायाचं पाऊल हलतं, तुटलेल्या पायाचं हलत नाही. चालता येतंय म्हणून घरी बसू नका, दुसरे स्नायू थोडंफार चालवून नेतात, आणि उशीर झाला की उपचार अवघड होतात. टाच लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर मोठ्या माणसाला खूप दुखत असेल तर हाडात बारीक तडा असू शकतो. विशी-तिशीतल्या मुलाच्या दोन्ही टाचा मागून दुखतायत आणि सकाळी कंबरही तासभर आखडलेली असते, किंवा अंगावर सोरायसिस आहे, तर हाडांच्या डॉक्टरांबरोबर संधिवाताच्या डॉक्टरांनाही दाखवा, ते दुखणं टेंडनपुरतं नसतं. टेंडनमधेच टणक गाठी लागत असतील तर कोलेस्टेरॉल तपासून घ्या, घराण्यातून आलेल्या जास्त कोलेस्टेरॉलमधे अकिलीसमधे असे साठे होतात.

परत टेकडीवर कधी, हा प्रश्न मला सारखा विचारतात. माझ्या फिजिओचा निकष सोपा होता, दुखऱ्या पायावर एकट्याने सलग वीस-पंचवीस वेळा टाच उचलता आली पाहिजे, दुसऱ्या पायाइतकी. आधी तळजाईचा सपाट रस्ता, मग पर्वतीच्या पायऱ्या, कारण पायरीवर पूर्ण पाऊल टेकवता येतं आणि घोटा फार दुमडत नाही, मग चढ, आणि चढावर सरळ नाकासमोर न जाता जरा नागमोडी, छोटी पावलं, हातात काठी. सध्या मी आतकरवाडीतून निम्म्या वाटेपर्यंत जाऊन परत फिरते, ग्रुप वर जाऊन पिठलं-भाकरीचे फोटो पाठवतो, आणि सोमवारी सकाळी बाथरूमपर्यंत कशी चालत गेले त्यावर पुढच्या रविवारी किती वर जायचं ते ठरतं.